अभ्यासिकेत ऐकून घेणारा ग्रुप कसा सुरू करायचा

पुण्यात सदाशिव पेठ, नारायण पेठ, शास्त्री रोड, या पट्ट्यात एमपीएससीच्या पोरापोरींसाठी काही करायचं म्हटलं की पहिलं सुचतं ते एखाद्या अधिकाऱ्याचं मोटिव्हेशनल भाषण. हॉल, बॅनर, सत्कार, झालं. पण जो चौथ्या अटेम्प्टला दोन मार्कांनी राहिलाय त्याला "मी करू शकलो तर तू पण करशील" ऐकून अजूनच खचल्यासारखं होतं. त्याला हवं असतं रोज दिसणारं, ऐकून घेणारं माणूस. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) 2022 च्या आकड्यांत देशात 13,044 विद्यार्थ्यांच्या आत्महत्या आहेत आणि त्यात सगळ्यात जास्त, 1,764, आपल्या महाराष्ट्रातल्या. तेव्हा हे काम वर्षातून एकदा भाषण ठेवून भागणारं नाही.

सुरुवात माणसांपासून करा, चार-पाच पुरेत. सगळे टॉपर घेऊ नका प्लीज, ज्याची पोस्ट निघालीय त्याच्यासमोर कुणी मन मोकळं करत नाही. दोन-तीन अटेम्प्ट खाल्लेला, स्वभावाने शांत, दुसऱ्याचं बोलणं मध्येच न तोडणारा असा माणूस शोधा. निम्म्या मुली हव्यातच, कारण "घरी लग्नाचं बघतायत, हा शेवटचाच अटेम्प्ट" हे मुलगी मुलासमोर सहसा बोलत नाही. आणि मेसवाल्या काकूंना विसरू नका, कोण दोन दिवस जेवायला आलं नाही, कुणाचा डबा तसाच परत गेला हे त्यांना आपल्या आधी कळतं. त्यांना मीटिंगला बसवायची गरज नाही, फक्त "काकू, असं कुणी दिसलं तर आम्हाला सांगा" एवढं सांगून ठेवा.

मग ट्रेनिंग. पुण्यात कनेक्टिंगसारख्या आत्महत्या प्रतिबंधावर काम करणाऱ्या संस्था आहेत, ससून या सरकारी हॉस्पिटलला मानसोपचार विभाग आहे, त्यांच्याकडे जाऊन "आम्हाला काउन्सेलर व्हायचं नाही, नीट ऐकायला शिकवा" असं स्पष्ट सांगा. जागतिक आरोग्य संघटनेचं मानसिक प्रथमोपचाराचं सूत्र सोपं आहे: बघा, ऐका, जोडून द्या. आपल्याला पहिले दोन अजिबात जमत नाहीत, समोरच्याने तोंड उघडलं की आपण लगेच प्लॅन बी सांगायला लागतो.

बसायचं कधी? रविवारी संध्याकाळी. बऱ्याच मेस तेव्हा बंद असतात, रूमवर एकटं राहून पोरं मॅगी खातात, म्हणून तेव्हाच अभ्यासिकेच्या गच्चीवर नाहीतर चहाच्या टपरीवर तासभर बसा. नाव "मानसिक आरोग्य शिबिर" ठेवलंत तर कुणीही येणार नाही, साधं "रविवारचा चहा" म्हणा. नियम तीनच. इथलं बोलणं बाहेर नाही, न विचारता सल्ला नाही, आणि मार्कांची चौकशी नाही (हा तिसरा पाळायला सगळ्यात अवघड जातो, खरंच). व्हॉट्सॲप ग्रुप नका काढू, दोन दिवसांत त्यात करंट अफेअर्सच्या पीडीएफ येतात.

बोलणं बहुतेक वेळा पैशावर येतं. रूमचं भाडं थकलंय, बापाने सोयाबीनचे पैसे पाठवलेत, आता अजून कसे मागू. इथे मनाला धीर दे वगैरे सांगून काय होणार? मेसचं बिल महिनाभर पुढे ढकलायला काकूंशी बोलून द्या, शेअरिंगमध्ये कॉट शोधून द्या, पार्ट टाइम पेपर तपासायचं काम असेल तर सांगा. एक अडचण घ्यायची, तिचे बारीक तुकडे करायचे, या आठवड्यात जमेल तेवढा एकच उचलायचा. ज्याला आपण मनाची लवचिकता म्हणतो ती बरीचशी अशा सुटलेल्या छोट्या अडचणींतूनच येते असं माझं स्पष्ट मत आहे.

निकालाचा दिवस आणि नंतरचा आठवडा आधीच कॅलेंडरवर मार्क करून ठेवा. लिस्ट लागली की टेलिग्रामवर अभिनंदनाचा पूर येतो आणि ज्याचा नंबर नाही तो फोन बंद करून पडून राहतो. त्या रात्री रूमवर जा, जेवायला घेऊन जा, निकालाचं काढू नका. दिवाळीला गावी न गेलेल्यांकडे पण लक्ष ठेवा, "अभ्यास आहे" हे कारण दरवेळी खरं नसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुणी पुस्तकं वाटून टाकतोय, "आता सगळं संपलंय" म्हणतोय, सगळ्यांचा निरोप घेतल्यासारखं बोलतोय, तर सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, धोक्याच्या वस्तू जवळून हलवायच्या, आणि गुप्ततेचा नियम तिथेच संपतो हे त्याला सांगूनच घरच्यांपैकी ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे त्याला फोन लावायचा. सरकारची मानसिक मदतीची हेल्पलाइन टेली मानस, नंबर 14416, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. जिवाला लगेच धोका असेल तर 112 किंवा थेट ससूनची इमर्जन्सी. पोलीस केसच्या भीतीने लोक प्रकरण दाबतात, पण 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम 115 म्हणतं की आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती, उलट सिद्ध झालं नाही तर, तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं, तिच्यावर खटला चालवायचा नाही, आणि तिची काळजी घेणं सरकारचं काम आहे.

14416 हा नंबर प्रत्येक डेस्कवर चिकटवा, नोटीस बोर्डावर एकच कागद लावून उपयोग नाही, तिथे उभं राहून नंबर लिहून घेताना सगळे बघतात.

ऐकणाऱ्यांनी पण महिन्यातून एकदा आपसात बसायचं, आणि ज्याचा स्वतःचा पेपर तोंडावर आहे त्याला सुट्टी द्यायची. कुणाची पोस्ट निघेल, कुणी गावी परत जाईल, वर्षभरात निम्मी टीम बदलते. म्हणून दर प्रिलिमनंतर दोन नवीन जणांना घ्या आणि पहिला महिनाभर त्यांना जुन्यांसोबत नुसतं बसून ऐकू द्या.