पीरूटमध्ये दोन फोल्डर एकाच जागी बाइंड झाल्यास काय करावे

कळव्याच्या एका विद्यार्थ्याने ठाणे स्टेशनबाहेर भेटल्या भेटल्या फोन पुढे केला. अँड्रॉइडवरील टर्मक्स या टर्मिनल अ‍ॅपमध्ये त्याने पीरूट या प्रोग्रॅमने डेबियन ही लिनक्स प्रणाली चालवली होती. तिच्यात त्याचा ‘काम’ हा फोल्डर उघडला की प्रोजेक्टऐवजी कुठलीशी जुनी गाणी दिसत होती, आणि सहामाहीचे सगळे काम पुसले गेले असे त्याने धरूनच ठेवले होते. प्रत्यक्षात एकही फाइल हललेली नव्हती. मित्राकडून घेतलेल्या स्क्रिप्टमध्ये ‘काम’ याच जागेवर डाउनलोडचा फोल्डर बाइंड करणारी, म्हणजे बाहेरचा फोल्डर डेबियनच्या आत त्या जागी दाखवणारी ओळ आधीपासून होती, आणि त्याने स्वतःची ओळ तिच्या वर लिहिली होती.

आतली जागा एकच असेल, तर पीरूट शेवटचे बाइंड चालू ठेवते आणि आधीचे सोडून देते. याची सूचना ते देते खरे, पण बोलके केल्याशिवाय, म्हणजे जास्त संदेश छापायला सांगितल्याशिवाय नाही. म्हणून काहीही पुसण्यापूर्वी किंवा डेबियन पुन्हा टाकण्यापूर्वी स्क्रिप्टमध्ये पीरूट या शब्दानंतर लगेच डॅश व्ही आणि एक हा आकडा लिहून ती चालवावी. सुरुवातीलाच बाइंडची यादी छापली जाते, आणि एकाच ठिकाणी दोन फोल्डर आले असतील तर दोघांच्या पत्त्यांसह तसा इशाराही दिसतो. जोडलेल्या जागांची यादी दाखवणारी माउंट ही आज्ञा येथे उपयोगाची नाही, कारण पीरूट पीट्रेस या लिनक्समधील सोयीच्या साहाय्याने प्रोग्रॅमने कर्नलकडे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याकडे केलेल्या मागण्यांमधील (सिस्टिम कॉलमधील) पत्ते वाटेतच बदलते आणि कर्नलला या बाइंडची कल्पनाही नसते.

स्वतः लिहिलेल्या दोन ओळींतील टक्कर चटकन सापडते. न लिहिलेल्या ओळीशी झालेली सापडत नाही. पीरूटचा कॅपिटल आर हा पर्याय होस्ट्स व रिझॉल्व्ह-कॉन्फ या नेटवर्कच्या फाइल, टीएमपी हा तात्पुरत्या फाइलचा फोल्डर, तसेच वापरकर्त्याचा होम फोल्डर अशी बरीच बाइंड गुपचूप जोडतो. स्वतःची होस्ट्स फाइल द्यायची असेल, तर ती ओळ कॅपिटल आरच्या नंतरच लिहावी. पीरूट-डिस्ट्रो, म्हणजे टर्मक्समध्ये लिनक्स प्रणाली बसवून चालवणारी तयार स्क्रिप्ट वापरणाऱ्यांनी टर्मक्स-होम हा पर्याय तपासावा, कारण तो टर्मक्सचे होम थेट रूट या मुख्य वापरकर्त्याच्या फोल्डरवर आणून बसवतो.

सिमलिंकमुळेही, म्हणजे दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या दुव्यामुळेही फसगत होते. आतला पत्ता सिमलिंक असेल तर पीरूट तिच्यामागे जाऊन खऱ्या जागी बाइंड करते, त्यामुळे कागदावर वेगळे दिसणारे दोन पत्ते एकाच ठिकाणी पोहोचू शकतात. तसे नको असेल तेथे आतल्या पत्त्याच्या शेवटी उद्गारचिन्ह लावावे, आणि शेलने त्याचा वेगळा अर्थ घेऊ नये म्हणून पूर्ण पत्ता एकेरी अवतरणात ठेवावा.

एका बाइंडच्या पोटात दुसरे असेल, तर ती टक्कर नव्हे. अधिक खोलवरचा पत्ता त्याच्या भागापुरता लागू होतो. म्हणूनच त्या विद्यार्थ्याची ओळ खाली न सरकवता आम्ही आतली जागा ‘काम’मधील ‘प्रोजेक्ट’ अशी केली, म्हणजे गाणीही राहिली.

शेवटी खात्री नावावरून करू नये. एलएस आज्ञेला डॅश आय लावून त्याच फाइलचा आयनोड क्रमांक, म्हणजे प्रणालीने फाइलला दिलेला ओळख क्रमांक, एकदा बाहेरून आणि एकदा आतून पाहावा. दोन्ही आकडे जुळले, की फोल्डर योग्य जागी आला आहे.