३५ मिमीचा खेळ अडू नये म्हणून: केबिन आणि प्रेक्षागृहाची कामे

रिळांवरचा चित्रपट दाखवणारी थिएटरे आता थोडी उरली आहेत. जिथे प्रोजेक्टर अजून चालू स्थितीत आहे, तिथे बहुतेक वेळा मशीन उत्तम असते आणि खेळ अडतो तो तयारीला वेळ न दिल्यामुळे. हा वेळ ऑपरेटरला मिळवून देणे मॅनेजरचे काम आहे. त्यासाठी केबिनमध्ये, म्हणजे प्रोजेक्टरच्या खोलीत, काय चालते ते मॅनेजरला स्वतःला कळायला हवे.

वेळापत्रक फुटांवरून

३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम असतात आणि सेकंदाला २४ फ्रेम जातात. म्हणजे मिनिटाला ९० फूट. प्रिंटच्या कागदावर लांबी १२,६०० फूट लिहिली असेल तर चित्रपट १४० मिनिटांचा. त्यात ट्रेलर आणि सूचनांची १०, मध्यंतराची १५ आणि प्रेक्षागृह रिकामे करून झाडायची २५ मिनिटे धरली की १९० मिनिटे होतात. दोन खेळांच्या सुरुवातींमध्ये सव्वातीन तास ठेवा. ही २५ मिनिटे कापून दिवसात एक खेळ वाढवायचा मोह होतो. तो टाळावा, कारण याच वेळात ऑपरेटर गेट (दिव्यासमोर फिल्म धरणारी चौकट) साफ करतो आणि रिळे उलटी गुंडाळतो. घाईत उलटी गुंडाळलेली फिल्म सैल बसते, नंतर ताणली गेली की थर एकमेकांवर घासतात आणि पडद्यावर उभे ओरखडे दिसतात.

प्रिंटची तपासणी

प्रिंट आदल्या संध्याकाळी हातात हवी. दोन हजार फुटांच्या एका रिळाला, म्हणजे पडद्यावरच्या साधारण २२ मिनिटांना, हाताने तपासायला १० ते १२ मिनिटे लागतात. वर दिलेल्या लांबीचा चित्रपट सात रिळांचा होतो. दुरुस्ती धरून दोन तास कुठेच जात नाहीत. सकाळी डबे आले आणि दुपारी खेळ, असे ठरवले की तपासणी गळते आणि तिथूनच अडचणी सुरू होतात.

आधी डबे क्रमाने लावून प्रत्येक रिळाच्या सुरुवातीच्या लीडरवर (चित्राआधीच्या कोऱ्या पट्टीवर) चित्रपटाचे नाव आणि रिळाचा क्रमांक वाचा. डब्याच्या झाकणावर विसंबू नका, झाकणे सर्रास बदललेली असतात. रीळ सुरुवातीवर गुंडाळले आहे की शेवटावर, तेही इथेच कळते. मग सुती हातमोजे घालून रिवाइंडरवर फिल्म संथ वेगाने सोडा आणि दोन्ही कडा अंगठा व तर्जनीच्या हलक्या चिमटीतून जाऊ द्या. बोटांना खरखर लागली की थांबा. तिथे फाटलेले छिद्र, उचकटलेला जोड किंवा दुमडलेली कड असते. डोळ्यांआधी बोटांना कळते, म्हणून हातमोजा पातळ हवा.

छिद्रांची दुरुस्ती किती करायची याचा एक चांगला नियम आहे. एका बाजूचे एक-दोन छिद्र फाटले असेल तर दोन्ही बाजूंनी पारदर्शक टेप लावून छिद्रे पुन्हा पंच करा. एकाच बाजूची सलग तीन-चार छिद्रे गेली असतील किंवा समोरासमोरची दोन्ही गेली असतील, तर तेवढ्या फ्रेम कापून जोड द्या. एका फ्रेमला चार छिद्रे असतात आणि प्रोजेक्टरच्या चाकांचे दात फिल्मला त्यांच्याच आधाराने खाली ओढतात. आधार नसला की चित्र उडी मारते आणि पुढची छिद्रेही फाटत जातात.

जोड देण्याआधी फिल्मचा पाया, म्हणजे ती कोणत्या प्लास्टिकची आहे, ते ओळखा. रीळ आडवे धरून एका बाजूने उजेड टाका आणि दुसरीकडून पाहा. उजेड आरपार येत असेल तर पॉलिएस्टर, गडद दिसत असेल तर अॅसिटेट. अॅसिटेटला सिमेंटचा (फिल्म चिकटवणाऱ्या द्रवाचा) जोड चालतो: इमल्शन, म्हणजे चित्राचा थर, एका पट्टीपुरते खरवडा, सिमेंटचा पातळ थर द्या, दाबून धरा. पॉलिएस्टरवर सिमेंट धरत नाही, तिथे टेपच. काहीही असले तरी कापायचे ते बरोबर दोन फ्रेमांमधल्या रेषेवर. एका छिद्राचाही फरक पडला तर जोडानंतरचा सगळा भाग फ्रेमबाहेर जातो आणि माणसांची डोकी पडद्याच्या तळाशी दिसतात.

पॉलिएस्टरबद्दल आणखी एक सावधगिरी. ते सहजी तुटत नाही. अॅसिटेट अडकले की तुटून मोकळे होते, पॉलिएस्टर अडकले की मशीनचा रोलर किंवा दात वाकवते. त्यामुळे फिल्म थांबली की मोटर बंद करणारा सेफ्टी स्विच पॉलिएस्टर प्रिंट चालवताना कधीही निकामी करून ठेवू नये.

डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर अॅसिटेट कुजायला लागले आहे. अशी फिल्म आक्रसते, छिद्रांमधले अंतर कमी होते आणि ती दातांवर नीट बसत नाही. ती इतर प्रिंटांपासून वेगळी ठेवा आणि प्रोजेक्टरवर चढवू नका. विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीची नायट्रेट फिल्म हाती आली तर ती साध्या केबिनमध्ये मुळीच लावायची नाही. पेटलेली नायट्रेट पाण्यानेही विझत नाही.

मशीनवर लावताना

फिल्म लावण्याआधी गेट आणि दात मऊ ब्रशने साफ करा. नव्या प्रिंटचे ओलसर इमल्शन गेटच्या पट्ट्यांवर कडक होऊन बसते. ते काढायला पितळी किंवा लाकडी खरवडणी घ्या. लोखंडाने पट्टीवर चरा पडतो आणि तो चरा पुढच्या प्रत्येक प्रिंटवर उमटतो.

इमल्शनची बाजू दिव्याकडे, चित्र उलटे. गेटच्या वर आणि खाली मोकळे लूप ठेवायचे, कारण फिल्म वरून अखंड वेगाने येते आणि गेटमध्ये मात्र थांबत-थांबत खाली सरकते. लूप लहान झाला की तो गेटवर आपटतो आणि कटकट आवाज येतो. खालच्या लूपचे माप ध्वनीशी बांधलेले आहे: आवाज त्याच्या चित्राच्या सुमारे २० फ्रेम पुढे छापलेला असतो. हे अंतर दोन-तीन फ्रेमने चुकले तरी ओठ आणि शब्द जुळत नाहीत. लावून झाल्यावर मोटर सुरू न करता हातचाकाने पाच-सहा फ्रेम पुढे फिरवून बघा. दोन मिनिटांची ही सवय खेळ अर्ध्यावर थांबण्यापासून वाचवते.

लेन्स आणि गेटमधली पट्टी यांची जोडी तपासा. १.८५ ची पट्टी आणि २.३९ चा स्कोप, म्हणजे जास्त रुंद चित्र (आकडे उंचीच्या किती पट रुंदी ते सांगतात), यांची अदलाबदल झाली तर चित्र कापले जाते किंवा पडद्याबाहेर सांडते. स्कोपला अॅनामॉर्फिक, म्हणजे फिल्मवर दाबलेले चित्र आडवे पसरवणारी, लेन्स लागते. ती विसरली तर माणसे लांबट आणि बारीक दिसतात.

दोन मशीनमधला बदल

दोन प्रोजेक्टरवर आळीपाळीने रिळे चालवताना प्रेक्षकाला सांधा कळता कामा नये. रिळाच्या शेवटाजवळ पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात चार फ्रेमपुरता एक ठिपका येतो. तो शेवटाच्या सुमारे ८ सेकंद आधी येतो आणि त्यावर दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. सात सेकंदांनंतर, शेवट साधारण एका सेकंदावर असताना, दुसरा ठिपका येतो. त्यावर पहिल्या मशीनची उजेड अडवणारी झडप बंद, दुसऱ्याची उघडी आणि आवाजही त्याच क्षणी बदलायचा.

दुसऱ्या मशीनवर लीडरचा कोणता आकडा गेटमध्ये ठेवायचा हे मोटर वेग घ्यायला किती वेळ घेते त्यावर ठरते. सेकंदांचे आकडे असलेल्या लीडरवर ७ पासून सुरुवात करून रिकाम्या थिएटरात चालवून बघा. बदल होताच पडद्यावर लीडरच दिसला तर लहान आकड्यावर लावा. चित्राची सुरुवात हुकली तर मोठ्या आकड्यावर. प्रत्येक मशीनचा आकडा वेगळा निघतो. तो खडूने मशीनवर लिहून ठेवा, म्हणजे बदली ऑपरेटरलाही अडचण येत नाही.

काही प्रिंटवर आधीच्या कुणी सुईने खरवडून जादा ठिपके केलेले असतात. तपासणीत ते दिसले तर कोणता ठिपका खरा ते रिळाच्या कागदावर नोंदवा. आणि स्वतः फिल्मवर नवे ठिपके कधीही करू नका.

पडद्यावर काय बिघडले ते ओळखणे

पांढऱ्या अक्षरांना वर किंवा खाली उजेडाच्या शेपट्या दिसल्या तर शटर (फ्रेम सरकताना उजेड झाकणारे फिरते पाते) वेळेवर बंद होत नाही, फिल्म सरकत असतानाच उजेड पडतो आहे. चित्र वर-खाली थरथरत असेल तर आधी गेटचा दाब बघा, मग फिल्म ओढणाऱ्या चाकाचे दात. दाब कमी असला की चित्र हलते. म्हणून तो खूप वाढवला तर छिद्रे फाटतात, तेव्हा चित्र स्थिर होईल इतकाच वाढवा. फोकस आपोआप जात-येत असेल तर गेटमधल्या उष्णतेने फिल्म फुगते आहे. थंड हवेचा पंखा आणि उष्णता रोखणारी काच तपासा. सगळे ठीक असूनही चित्र धूसर असेल तर केबिनच्या खिडकीची काच दोन्ही बाजूंनी पुसा. तिच्यावरच्या तेलकट थरामुळे कित्येकदा बिचाऱ्या लेन्सला दोष दिला जातो.

आवाजात बारीक, अखंड गुणगुण असेल तर फिल्म आडवी सरकली आहे आणि फिल्मच्या कडेचा ध्वनिपट्टा वाचणारा किरण छिद्रांवर पडतो आहे. सेकंदाला २४ फ्रेम, प्रत्येकी चार छिद्रे, म्हणून हा सूर ९६ हर्ट्झचा असतो. उलट फटफटीसारखा जाड आवाज आला तर किरण चित्राच्या बाजूला गेला आहे आणि फ्रेममधल्या रेषा वाचतो आहे, तो २४ हर्ट्झचा. दोन्हींवर उपाय एकच, ध्वनिड्रमजवळचा बाजूचा रोलर सरळ करणे. अलीकडच्या प्रिंटांवर ध्वनिपट्टा निळसर रंगाचा असतो. तो तांबड्या एलईडीने वाचावा लागतो, जुन्या पांढऱ्या बल्बवर आवाज मंद आणि फाटका येतो.

झेनॉनचा दिवा

झेनॉन दिव्यात थंड असतानाही कित्येक वातावरणांचा दाब असतो, पेटल्यावर तो काही पटींनी वाढतो. दिवा बदलताना चेहऱ्यावर मुखवटा, हातात जाड मोजे, अंगावर जाड जाकीट. ही शिस्त ऑपरेटरने टाळली तर मॅनेजरने काम थांबवावे. खेळ संपल्यावर दिवा विझवा, पण पंखा निदान १० मिनिटे चालू राहू द्या. काचेला उघडे बोट लावू नका. तेलाचा डाग तापून काच तिथे कमकुवत होते. चुकून लागलेच तर दिवा पेटवण्याआधी अल्कोहोलने पुसा. धन आणि ऋण टोके उलटी जोडली गेली तर दिवा काही क्षणांत निकामी होतो, म्हणून तारांवर रंगीत खुणा करून ठेवा.

तासांची वही ठेवा. उत्पादकाने दिलेले तास संपले की दिवा अजून पेटतो म्हणून चालवत राहू नका. काच काळवंडत जाते, आतली उष्णता वाढते आणि दिवा फुटला तर महागडा आरसाही जातो. उजेड मोजायचा तो फिल्म न लावता, शटर फिरते ठेवून. पडद्याच्या मध्यावर १६ फूट-लॅम्बर्ट, म्हणजे प्रति चौरस मीटर ५५ कँडेला हवा. कडांना त्याच्या ८० टक्क्यांच्या आसपास पुरे. मध्यावर झगमगाट आणि कडा काळ्या दिसल्या तर दिवा आरशाच्या केंद्राबाहेर आहे. दिवे वाचवण्यासाठी करंट कमी करून अंधारात चित्रपट दाखवणे ही प्रेक्षकाची फसवणूक आहे, ती करू नये.

प्रेक्षागृह आणि तिकिटे

दारे उघडण्याआधी बाहेर पडायचे प्रत्येक दार स्वतः ढकलून बघा. आतून कडी-कुलूप असता कामा नये. पायऱ्यांचे आणि दारांवरचे दिवे खेळभर चालू राहतात. पडदा ओल्या फडक्याने पुसू नका, मऊ ब्रशने धूळ हलकेच झटका. मागच्या स्पीकरसाठी त्याला बारीक छिद्रे असतात, ती चिखलाने बुजतात.

तिकिटांचा हिशोब खेळ सुरू होऊन अर्धा तास झाला की बंद करा. प्रत्येक दराच्या गड्डीचा सुरुवातीचा आणि शेवटचा क्रमांक, फरक म्हणजे विक्री. त्याशेजारी दारावर फाडलेल्या अर्ध्या तुकड्यांची संख्या आणि आतल्या माणसांची मोजणी. तिन्ही आकडे जुळत नसतील तर त्याच खेळात शोधा, दुसऱ्या दिवशी काहीही सापडत नाही.

फिल्म तुटली तर

पहिली कृती झडप बंद करण्याची. थांबलेली फिल्म उजेडात राहिली की जळून तपकिरी होते. मग मोटर बंद, आवाजाचा फेडर खाली, आणि प्रेक्षागृहातले दिवे पूर्ण न लावता निम्मे. अनुभवी ऑपरेटर दोन-तीन मिनिटांत फिल्म पुन्हा लावतो. त्यासाठी तुटलेले टोक घेणाऱ्या चकतीवर नुसते गुंडाळून खेळ पुढे न्यायचा आणि पक्का जोड नंतर टेबलावर द्यायचा. तीन मिनिटे उलटली तर मॅनेजरने समोर जाऊन किती वेळ लागेल ते सांगावे, आणि तो आकडा ऑपरेटरला विचारूनच सांगावा.

खेळ संपल्यावर जोड देताना किती फ्रेम गेल्या ते रिळाच्या कागदावर तारखेसह लिहा. कापलेल्या फ्रेम फेकायच्या नाहीत. पाकिटात घालून, रिळाचा क्रमांक लिहून त्याच डब्यात ठेवायच्या.