उष्ण हंगामातील सल्ला : नव्या कोरलसोबत येणारी कीड टँकबाहेरच अडवा

बाहेर ऊन तापू लागले की रीफ टँकचे (कोरल म्हणजे प्रवाळ पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचे) पाणीही 24–25 अंश सेल्सिअसवरून 27 कडे सरकते. कोरलला तेवढ्याने फारसे काही होत नाही, पण किडीचे वेळापत्रक पार बदलते. अॅक्रोपोरा हे फांद्यांचे कोरल खाणाऱ्या चपट्या कृमीची (प्रोस्थिओस्टोमम अॅक्रोपोरी) एक पिढी पूर्ण व्हायला 24 अंशांवर साधारण 64 दिवस लागतात. 27 अंशांवर तीच पिढी किमान 38 दिवसांत उभी राहते आणि अंडी सरासरी 11 दिवसांत फुटतात. थंडीत दोन महिने हाताशी असायचे, ते आता सव्वा महिन्यावर येतात. म्हणून या हंगामात नवा फ्रॅग (कोरलचा तोडलेला तुकडा) आणला की त्याच दिवशी डिप द्यावी, म्हणजे औषधाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवावा, आणि विलगीकरणाचे (वेगळ्या टँकमध्ये ठेवण्याचे) दिवस पाण्याच्या तापमानावरून मोजावेत.

ऊस किंवा बटाटा लावण्याआधी बेणेप्रक्रिया करतात, तिचेच काम इथे डिप करते. फरक एवढाच की डिपमुळे चालता-फिरता कृमी मरतो, अंडी मरत नाहीत. अंड्यांचे कवच बाजारातल्या कोणत्याही नेहमीच्या डिपला दाद देत नाही. एकदा डिप देऊन फ्रॅग थेट मुख्य टँकमध्ये ठेवला, तर अंडी फुटून तीच कीड टँकभर पसरते. अनेक प्रादुर्भाव असेच सुरू होतात.

काय शोधायचे

अॅक्रोपोरावरचा चपटा कृमी कोरलच्याच रंगाचा दिसतो, त्यामुळे तो अंगावर शोधत बसण्यात अर्थ नाही. त्याच्या खाण्याच्या खुणा शोधाव्यात: फांदीच्या खालच्या भागावर फिकट, गोलसर ठिपके. अंडी बुडाशी घातलेली असतात, जिवंत ऊती संपून उघडा सांगाडा सुरू होतो त्या कडेला. ती तपकिरी-सोनेरी ठिपक्यांच्या चटईसारखी दिसतात. 10 पट मोठे दाखवणारे भिंग आणि तिरपा धरलेला टॉर्च असेल तर ती सापडणे सोपे जाते.

मॉन्टिपोरा या बहुधा पत्र्यासारख्या पसरणाऱ्या कोरलवर पांढरी, झालरीच्या पाठीची न्युडिब्रँक (बिनशंखाची समुद्री गोगलगाय) असते. ती जेमतेम काही मिलिमीटरची असून दिवसा पत्र्याच्या खालच्या बाजूला दडते. कडेपासून आत सरकत जाणारा पांढरा पट्टा दिसला तर पत्रा उलटून पाहावाच. झोअँथिडवरची (चटईसारख्या पसरणाऱ्या मऊ कोरलवरची) न्युडिब्रँक खाल्लेल्या पॉलिपचाच (कोरलच्या एकेका छोट्या जीवाचाच) रंग घेते, त्यामुळे पॉलिप बंद राहू लागले की चटईच्या फटींमध्ये शोधावे. तिथेच चक्रीसारख्या शंखाची, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची गोगलगायही सापडते.

लाल ढेकूण म्हणतात ते खरे तर अर्ध्या मिलिमीटरचे कोपेपॉड (कोळंबीच्या कुळातले सूक्ष्म जीव) आहेत: पिवळसर अंग आणि त्यावर एक लाल ठिपका. ते अॅक्रोपोरावरच राहतात. कोरल लगेच मरत नाही, पण पॉलिप बाहेर येत नाहीत, रंग उतरतो आणि वाढ थांबते. असे कोरल दिसले की लोक प्रकाश आणि क्षार बदलत बसतात आणि भिंग हातात घेतच नाहीत.

एप्टेशिया (छोटे उपद्रवी अॅनिमोन), नळीवाल्या व्हर्मेटिड गोगलगायी, बबल शेवाळ आणि ब्रायोप्सिस (पिसासारखे शेवाळ) हे सगळे मुख्यतः प्लगवरून (फ्रॅग चिकटवलेल्या छोट्या बैठकीवरून) येतात, कोरलच्या अंगावरून नाही. त्यामुळे प्लगच नको, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय.

प्लग काढा, मग डिप द्या

कोरल कटरने फ्रॅग बुडापासून तोडावा. जिवंत ऊतीखालचा उघडा सांगाडा जितका जाईल तितका जाऊ द्यावा, अंडी त्यावरच असतात. ऊतीचा अर्धा सेंटिमीटर गेला तरी चालेल, तो पुन्हा भरून येतो. जुना प्लग तोडलेल्या तुकड्यांसह कचऱ्यात टाकावा. तो धुऊन परत वापरण्याचा मोह आवरावा. पसरट वाढलेले कोरल प्लगवरून सुटत नसेल तर प्लगची खालची बाजू आणि कडा घासून काढाव्यात, एप्टेशिया किंवा नळी दिसेल तिथे जेल स्वरूपातल्या सायनोअॅक्रिलेट गोंदाचा जाड थर द्यावा. एप्टेशिया चिमट्याने खुडू नये. राहिलेल्या तळव्याच्या प्रत्येक तुकड्यातून नवा जीव तयार होऊ शकतो.

झोअँथिड आणि त्याच्याच जातकुळीतला पॅलिथोआ कापताना हातमोजे आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे अतिशय घातक विष असू शकते. हे कोरल असलेला दगड गरम पाण्यात टाकू नये, उकळू नये, कोरडा घासू नये. वाफेवाटे किंवा उडालेल्या थेंबांवाटे विष शरीरात जाऊन लोक रुग्णालयात दाखल झाले आहेत.

डिपसाठी तीन भांडी घ्यावीत. सगळ्यांत पाणी मुख्य टँकमधून काढलेलेच असावे, म्हणजे क्षारता आणि तापमान जुळते. पहिले भांडे पांढऱ्या रंगाचे, 3–4 लिटरचे. त्यात डिपचे प्रमाण बाटलीवर दिले आहे तेवढेच टाकावे. वेळ साधारण 5 ते 10 मिनिटांचा असतो, पण लेबल सांगेल ते खरे. दर मिनिटाला टर्की बेस्टरने (रबरी फुग्याच्या मोठ्या पिचकारीने) किंवा मोठ्या सिरिंजने प्रत्येक फांदीवर आणि बुडाशी जोराचा फवारा मारावा. औषध कृमीची पकड सैल करते, त्याला खाली पाडतो तो फवारा. हा टप्पा टाळला तर मेलेला-अर्धमेलेला कृमी फांदीला चिकटूनच राहतो. पांढऱ्या तळाशी काय पडले ते भिंगाने पाहून नोंदवावे, पुढचा कार्यक्रम त्यावरून ठरतो. मग उरलेल्या दोन भांड्यांत एकामागोमाग एक खळबळून घ्यावे.

आयोडीनची डिप कापलेल्या जखमेसाठी चांगली असते, पण कृमीसाठी तिच्यावर विसंबू नये. कृमीसाठी वनस्पतिजन्य तेलाची किंवा पोटॅशियम क्लोराइडची डिप वापरावी. बागेतले कीटकनाशक डिप म्हणून वापरण्याची प्रथा आहे. आम्ही ती सुचवत नाही. ते कोरलसाठी तयार केलेले नसते आणि त्याचा अंश टँकमध्ये गेला तर कोळंबी-खेकडे हमखास मरतात. झेनिया (एक मऊ कोरल) आणि अॅनिमोन यांना कोणतीही तीव्र डिप सोसत नाही, त्यांना फक्त फवारा आणि बारीक तपासणी. अॅक्रोपोराच्या फांद्यांतले छोटे टेट्रालिया खेकडे कोरलचे रक्षण करतात. डिपआधी ते काडीने हुसकून वेगळ्या भांड्यात काढून ठेवावेत.

या दिवसांत उघड्यावरच्या भांड्यातले पाणी लवकर तापते, म्हणून सगळी तयारी आधी करून फ्रॅग शेवटी पाण्यात घ्यावा. पाणी 28 च्या वर जाऊ लागले तर बर्फाची बंद बाटली भांड्याबाहेर टेकवावी. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो, त्यात डिपचा ताण पडला की ऊती सोलून निघतात. वापरलेले डिपचे आणि पिशवीतले पाणी टँकमध्ये जाऊ देऊ नये, ओढ्या-विहिरीतही ओतू नये.

विलगीकरण टँक

40–50 लिटरचा, तळाला वाळू आणि दगड नसलेला टँक पुरतो. हीटर, छोटा पंप, आधी मुख्य टँकच्या संपमध्ये (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) मुरवलेला स्पंज फिल्टर, मध्यम प्रकाश आणि फ्रॅग ठेवायला प्लास्टिकची जाळी एवढे हवे. प्रकाश पहिल्या दिवशी निम्मा ठेवून दोन आठवड्यांत वाढवावा. दर आठवड्याला 15–20 टक्के पाणी बदलावे आणि त्यासाठी मुख्य टँकमधून काढलेले पाणीच वापरावे. पाण्याची वाट मुख्य टँककडून विलगीकरणाकडे, उलट कधीच नाही. चिमटे, बेस्टर, हातमोजे वेगळे ठेवावेत. दोन्ही टँक एकाच संपवर असतील तर त्याला विलगीकरण म्हणता येणार नाही, कारण अंड्यातून निघालेले पिल्लू पोहू शकते आणि अॅक्रोपोराशिवाय 9 दिवसांपर्यंत जगू शकते.

या टँकचे तापमान 26–27 अंशांवर स्थिर ठेवावे. पाणी थंड ठेवून कीड आटोक्यात येईल असे वाटते, पण त्यामुळे अंडी फक्त उशिरा फुटतात आणि विलगीकरण लांबते. 27 वर अंडी लवकर फुटतात, पिल्ले पुढच्या डिपमध्ये सापडतात आणि त्यांना अंडी घालण्याएवढे वाढायला वेळच मिळत नाही. दर 7 दिवसांनी डिप, अशा 6 आठवड्यांच्या कार्यक्रमामागचे गणित हेच. अॅक्रोपोरा आणि मॉन्टिपोरासाठी तो पूर्ण करावा. मधल्या कोणत्याही डिपमध्ये कृमी पडला तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. पाणी 24 वरच राहत असेल तर 10 आठवडे धरावेत.

लहान टँकमध्ये उन्हाळ्याचा खरा धोका बाष्पीभवनाचा. पंखा लावला की तापमान उतरते, पण 50 लिटरमधले 2 लिटर पाणी उडाले तर क्षारता 35 वरून साडेछत्तीसच्या आसपास जाते. काचेवर पाण्याच्या पातळीची खूण करावी आणि सकाळ-संध्याकाळ आरओचे गोडे पाणी घालून त्या खुणेपर्यंत आणावे.

लाल ढेकूण आढळल्यास मिल्बेमायसिन ऑक्झाइम पशुवैद्याच्या सल्ल्याने विलगीकरण टँकमध्येच द्यावे. मुख्य टँकमध्ये ते दिले की कोळंबी आणि खेकडेही जातात. गंजाच्या रंगाच्या प्लॅनेरियाचा थर दिसला तर औषधाआधी जमेल तेवढा सायफनने ओढून काढावा. एकदम मेल्यावर त्या विष सोडतात, म्हणून औषधानंतर ताजा सक्रिय कार्बन चालू ठेवावा.

माशांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी कोरलवर जगत नाही, पण त्याच्या गाठी प्लगवर आणि सांगाड्यावर चिकटून येतात. डिप त्यांनाही मारत नाही. मुख्य टँकमध्ये जपण्यासारखे मासे असतील तर विलगीकरणात एकही मासा न ठेवता 76 दिवस थांबावे.

सहापट्टी रास आणि पिवळा रास हे मासे चपटे कृमी टिपून खातात. मुख्य टँकमध्ये ते असणे चांगलेच, पण अंडी ते खात नाहीत, त्यामुळे त्यांच्या भरवशावर विलगीकरण वगळू नये.

शेवटचा फ्रॅग बाहेर काढल्यावर विलगीकरण टँक रिकामा करून जाळी, पंप आणि स्पंजसह उन्हात पूर्ण कोरडा करावा, मगच पुढचे कोरल आणावे.