रिवण आणि परिसर: कुशावतीच्या काठची भटकंती कशी आखावी

दक्षिण गोव्यात सांगे तालुक्यातील रिवण या गावाच्या आसपास प्रागैतिहासिक मानली जाणारी कातळचित्रे, जांभ्यात कोरलेल्या गुंफा, बुडबुड्यांची तळी, अभयारण्यातले धबधबे आणि धरणाच्या पाण्यातून दरवर्षी वर येणारे एक गाव, एवढे सारे थोड्या अंतरात पाहायला मिळते. अंतर थोडे असल्यामुळे बरेच जण ही सगळी ठिकाणे एका दिवसात उरकण्याचा बेत करतात आणि तिथेच फसतात, कारण या भागात कोणते ठिकाण कधी पाहता येईल हे पाण्यावर अवलंबून असते. कातळचित्रे असलेला उसगाळीमळचा कातळ पावसाळ्यात कुशावती नदीच्या पुराखाली आणि गाळाखाली जातो, नेत्रावळी अभयारण्यातला सावरीचा धबधबा उन्हाळ्यात अगदी बारीक होतो, आणि कुर्डी गाव तर साळावली धरणातील साठा तळाला गेल्यावर, साधारण मे महिन्यातच, उघडे पडते. म्हणून मुख्य फेरी ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत करावी आणि कुर्डीसाठी उन्हाळ्यात निराळा दिवस राखून ठेवावा, हे उत्तम.

मडगावहून पारोडा, केपे, तिळामळ आणि जांबावली असा रस्ता रिवणला पोहोचतो. वाटेत पारोड्याला चंद्रनाथ डोंगरावर चंद्रेश्वर भूतनाथाचे देवस्थान लागते; आकाश स्वच्छ असेल तर डोंगरमाथ्यावरून सासष्टी तालुक्यातील शेते, माडांच्या बागा आणि दूरवर समुद्राची रेघ दिसते. मडगावहून कदंब महामंडळाच्या बसने केपे, सांगे आणि पुढच्या गावांपर्यंत जाता येते, तथापि आतल्या गावांतील फेऱ्या विरळ असल्याने परतीची शेवटची बस कोणती, हे उतरतानाच वाहकाला विचारून घ्यावे. स्वतःची दुचाकी किंवा चारचाकी असेल तर तिळामळपूर्वीच पेट्रोल भरून घेणे शहाणपणाचे. रोख पैसे जवळ असावेत, शिवाय नेत्रावळीच्या बाजूला मोबाइलची रेंज जात असल्याने नकाशा आधीच उतरवून ठेवावा.

उसगाळीमळला, ज्याला पणसायमळ असेही म्हणतात, दिवसाची पहिली वेळ द्यावी. येथील चित्रे रंगवलेली नसून कुशावतीच्या वळणावरील सपाट जांभ्या कातळावर कोरलेली आहेत, आणि ती उथळ असल्यामुळे डोक्यावरच्या उन्हात जवळजवळ दिसेनाशी होतात. सकाळी आठ-नवाच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात मात्र प्रत्येक रेघेच्या कडेला सावली धरते आणि नुसता काळपट वाटणारा खडक वशिंडाच्या बैलांनी, हरणांनी आणि मानवाकृतींनी भरून जातो. भर दुपारी येऊन "इथे काही विशेष नाही" असे म्हणत परत फिरणारे पर्यटक नेहमी दिसतात. त्यांची निराशा केवळ वेळेच्या निवडीमुळे झालेली असते. स्थानिक लोकांनी दिलेल्या माहितीवरून १९९३ साली गोव्याच्या पुराभिलेख व पुरातत्त्व खात्याचे तत्कालीन संचालक डॉ. पी. पी. शिरोडकर यांनी हे स्थळ अभ्यासकांपुढे आणले. शंभराहून अधिक आकृत्या येथे मोजल्या गेल्या असून त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. काही जण त्या मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतात, तर काही जण नंतरच्या काळात ठेवतात, त्यामुळे एखाद्या फलकावरचा एकच आकडा पाठ करून परतण्यात अर्थ नाही.

पाहताना आधी कडेने एक संपूर्ण फेरी मारावी आणि मग एकेका आकृतीजवळ थांबावे. एकात एक गेलेल्या वर्तुळांचा चक्रव्यूह सर्वांनाच ओळखता येतो आणि त्याचीच छायाचित्रे सर्वाधिक काढली जातात. माझ्या मते त्याहून अधिक वेळ जनावरांच्या आकृत्यांना द्यावा, कारण मान खाली घातलेला किंवा वळून पाहणारा प्राणी मोजक्या रेघांत पकडण्याची जी हातोटी तिथे दिसते, ती भौमितिक आकृत्यांत दिसत नाही. रखवालदार हजर असेल तर आकृत्या दाखवण्याची त्याला आदराने विनंती करावी, कारण कोणती रेघ नैसर्गिक भेग आहे आणि कोणती कोरलेली, हे रोज पाहणाऱ्या माणसाइतके दुसऱ्या कोणाला कळत नाही. चित्रे उठून दिसावीत म्हणून खडूने किंवा कोळशाने रेघा गिरवणे हा प्रकार सर्वथा टाळावा, कातळावर चप्पल-बूट घालून चालू नये आणि मुलांना आकृत्यांवर उभे करून छायाचित्रे काढू नयेत. जांभा हा मऊ दगड आहे. पुराच्या पाण्यानेच त्याची झीज होत असते, तीत आपण भर घालण्याचे कारण नाही.

ऊन चढू लागले की रिवणच्या गुंफांकडे वळावे. जांभ्यात खोदलेल्या या गुंफांना गावात पांडवांची गुंफा म्हणतात. अभ्यासक त्यांचा संबंध बौद्ध भिक्षूंच्या निवासाशी जोडतात, आणि प्रवेशापाशी असलेले मारुतीचे शिल्प मात्र नंतरच्या काळातील मानले जाते. आत जाण्यासाठी काही ठिकाणी वाकून किंवा बसून सरकावे लागते. चांगली विजेरी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मुळीच घाई नसलेला एक सोबती एवढी तयारी असल्याशिवाय आत शिरू नये. पावसाळ्यात तर बाहेरूनच पाहून समाधान मानावे, कारण पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि सापांचाही धोका असतो. गुंफांभोवतीची कुळागरे, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, ही लोकांची खासगी मालमत्ता आहे. सुपारीच्या बागेतून पायवाट जात असली तरी घरात दिसेल त्याला विचारूनच पुढे जावे.

दुपारच्या विसाव्याला जांबावली सोयीची आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धर्मांतराच्या काळात मडगावहून हलवलेला दामोदर येथे नदीकाठी आहे, आणि त्याचा शिमग्यातील गुलालोत्सव साऱ्या गोव्यात प्रसिद्ध आहे. त्या दिवसांत मात्र चित्रे पाहण्याचा बेत ठेवू नये, कारण रस्ते आणि अग्रशाळा (देवस्थानाच्या मुक्कामाच्या खोल्या) दोन्ही भरून गेलेले असतात. एरवी मुक्काम करायचा असल्यास देवस्थानाच्या कार्यालयात आधी चौकशी करावी.

नेत्रावळीसाठी दुसरा दिवस ठेवावा. रिवणहून कोळंबमार्गे जाणारा हा रस्ता वळणावळणाचा आणि दोन्ही बाजूंनी गर्द आहे. गोपिनाथाच्या देवळापुढील बुडबुड्यांच्या तळीत तळातून सतत बुडबुडे वर येत असतात. टाळी वाजवली की ते वाढतात, असे सांगितले जाते. श्रद्धाळूंना आणि चिकित्सकांना दोघांनाही टाळी वाजवून पाहण्याची पूर्ण मुभा आहे, फक्त तळीच्या पायऱ्यांवर साबण, अन्न किंवा प्लास्टिक नेऊ नये. तळीपाशी अर्धा तास पुरतो.

सावरी धबधब्याला मात्र निम्मा दिवस लागतो. १९९९ साली घोषित झालेल्या नेत्रावळी अभयारण्याच्या हद्दीत तो असल्यामुळे वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून, शुल्क भरूनच आत जावे लागते. पावसाच्या ऐन भरात वनखाते धबधब्यांवर जाण्यास मनाई करू शकते; अशी मनाई असताना मागच्या वाटेने नेणारा कोणी भेटला तरी त्याच्याबरोबर जाऊ नये, कारण वरच्या डोंगरात पाऊस झाला की खालच्या ओढ्याची पातळी पाहता पाहता चढते. पाऊस सरल्यानंतर वाट सोपी होते, धबधब्यात पाणीही भरपूर असते. ज्यांना रेल्वे, जीपगाड्या आणि गर्दीसकट मोठा धबधबा पाहायचा आहे त्यांनी कुळेला जाऊन दूधसागर पाहावा. सावरीला त्यापेक्षा पुष्कळ शांतता आहे. बाजारातून पाण्याच्या बाटल्या नेल्यास त्या परत आणण्याची पिशवीही सोबत असावी, आणि जळवांसाठी मीठ किंवा तंबाखूची पुडी जवळ ठेवावी.

आता कुर्डीविषयी. साळावली धरणासाठी जी गावे उठवली गेली त्यांत कुर्डी होते, आणि तेथील रहिवाशांचे पुनर्वसन वाडे व वालकिणी येथे झाले. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या, आणि त्यांच्या घराच्या भिंतींचे अवशेष आजही गावकरी दाखवतात. एप्रिलच्या अखेरीपासून पाणी ओसरू लागते, घरांचे चौथरे, विहिरींचे काठ आणि झाडांचे खुंट दिसू लागतात, आणि मे महिन्यात विखुरलेले गावकरी सोमेश्वराच्या उत्सवासाठी येथे पुन्हा जमतात. शक्य असल्यास उत्सवाच्याच दिवशी जावे, कारण मोकळ्या चौथऱ्यांतून "हे आमचे घर, ही आमची वाडी" असे सांगणारी माणसे त्या दिवशी भेटतात. ती बोलत असतील तर ऐकावे; छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नये. वाळलेला वाटणारा गाळ आतून ओला असतो, तेव्हा गाडी घट्ट जमिनीवरच उभी करून पुढे चालत जावे. सावली कुठेच नसल्यामुळे सकाळी लवकर पोहोचणे, टोपी आणि भरपूर पाणी नेणे आवश्यक आहे. वळिवाचे ढग दिसताच धरणाच्या तळातून बाहेर निघावे.

कुर्डीतील कदंब राजघराण्याच्या काळातील महादेव मंदिर मात्र त्या तळात सापडणार नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने त्याचे दगड क्रमाने उतरवून ते साळावली धरणाजवळ पुन्हा उभारले आहे. गावाची जागा पाहून झाल्यावर त्याच दिवशी हे मंदिर पाहिले, तर दोन्हींचा संबंध नीट लागतो. धरणाचा बदकाच्या चोचीसारखा सांडवा पाहायचा असेल तर पावसाळ्यात, धरण भरल्यानंतर यावे. मे महिन्यात तो कोरडा असतो.

परतताना वेळ उरल्यास केपे येथे होली क्रॉस चर्चसमोरील पालासिओ दु देआंव हा अठराव्या शतकाच्या अखेरीचा वाडा पाहता येतो. तो खासगी निवासस्थान असल्यामुळे आधी कळवूनच जावे. पुढे कुशावतीच्याच काठी चांदर, म्हणजे कदंबांची जुनी राजधानी चंद्रपूर, लागते. तेथील मिनेझिस ब्रागांझा कुटुंबाच्या वाड्यामुळे सगळे पर्यटक त्याच दारापाशी थांबतात. प्राचीन चंद्रपुराचे थोडके अवशेष पाहायचे असतील तर गावातील कोटाची जागा विचारावी आणि तेथे शीर तुटलेला नंदी शोधावा.