राष्ट्रपती चांगले होते का हे नक्की कशावरून ठरवायचं

मागच्या महिन्यात स्पर्धा परीक्षेच्या मॉक इंटरव्ह्यूला गेलो होतो, इथेच पुण्यात सदाशिव पेठेत, आणि पॅनलवरच्या एका निवृत्त सरांनी विचारलं की तुमच्या मते सगळ्यात चांगले राष्ट्रपती कोण. मी मनातल्या मनात खुश, म्हटलं हा तर फुलटॉस. कलाम सर. का? साधे होते, मुलांमध्ये मिसळायचे. सर म्हणाले साधेपणा घटनेच्या कितव्या कलमात येतो? झालं, पुढची दहा मिनिटं मी नुसता पाणी पीत होतो.

त्या अपमानातून अभ्यासिकेत बसून जे काही वाचलं ते इथे टाकतोय, परीक्षा देणाऱ्यांनाही उपयोगी पडेल आणि परीक्षा न देता अमृततुल्यवर तावातावाने भांडणाऱ्यांनाही.

आधी एक घोळ मिटवा. राष्ट्राध्यक्ष आणि राष्ट्रपती ही दोन वेगळी कामं आहेत. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष स्वतः सरकार चालवतो म्हणून तिकडे महागाई, नोकऱ्या, युद्ध सगळा हिशोब त्याच्या नावावर लागतो आणि सारखे पोल घेऊन त्याची टक्केवारी काढतात. आपल्याकडे कलम ७४ प्रमाणे राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने हा सल्ला स्पष्टपणे बंधनकारक केला, आणि १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने एवढीच फट ठेवली की एकदा परत पाठवून "पुन्हा विचार करा" म्हणता येतं, पण तोच सल्ला परत आला तर मानावाच लागतो. त्यामुळे पेट्रोल महागलं, विकास झाला, नाही झाला, यातलं काहीच राष्ट्रपतींच्या खात्यात टाकायचं नाही. चांगलंही नाही, वाईटही नाही.

मग दिखाऊ गोष्टी वजा करा. आपण पुणेकर यात हमखास फसतो कारण राष्ट्रपतींना घेऊन सुखोई लढाऊ विमान दोनदा आपल्या लोहगाववरूनच उडालं होतं, ८ जून २००६ ला कलाम आणि २५ नोव्हेंबर २००९ ला प्रतिभाताई पाटील, त्याही वयाच्या ७४ व्या वर्षी. भारीच आहे, प्रश्नच नाही, पण ते काम नव्हे. (राष्ट्रपती शहरात आले की रस्ते बंद होऊन आपला जो खोळंबा होतो तोही त्यांच्या मार्कांतून कापू नका, इच्छा झाली तरी.)

भाषणांतही फरक करायला शिका. संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढचं अभिभाषण, ज्यात "माझं सरकार" असं येतं, ते सरकारनेच लिहून दिलेलं असतं, त्यावरून माणूस कळत नाही. माणूस बघायचा तर बाकीची भाषणं काढा. २७ जानेवारी २००० ला, प्रजासत्ताकाला ५० वर्षं झाली म्हणून सेंट्रल हॉलमध्ये कार्यक्रम होता, सरकारचं तेव्हा घटनेचा फेरआढावा घ्यायचं चाललं होतं, आणि के. आर. नारायणन यांनी तिथेच सगळ्यांसमोर विचारलं की घटना आपल्याला कमी पडली की आपणच घटनेला कमी पडलो. समोर पंतप्रधान बसलेले असताना हे बोलायला जिगर लागते.

आता खरा माल, म्हणजे सही. कुठलाही केंद्रीय कायदा उघडा, वर क्रमांकाखाली कंसात एक तारीख छापलेली असते, ती राष्ट्रपतींनी संमती दिल्याची. ती संसदेत विधेयक पास झालं त्या तारखेशी लावून बघायची, बस. नागरिकत्व दुरुस्ती विधेयक राज्यसभेत ११ डिसेंबर २०१९ ला पास झालं आणि संमती १२ ला, एका दिवसात. महिला आरक्षणाचं २१ सप्टेंबर २०२३ ला पास, संमती २८ ला. आता नुसत्या वेगावरून लगेच निकाल देऊ नका, पण वादाचं बिल असेल तर एवढ्या वेळात ते वाचलं कधी हा प्रश्न विचारायला काय हरकत आहे.

सही न करणं हीसुद्धा कामगिरी असू शकते. १९८६ चं टपाल विधेयक, ज्यात लोकांची पत्रं उघडायचा अधिकार सरकारला मिळणार होता, ते झैलसिंग यांनी सहीही केलं नाही आणि परतही पाठवलं नाही, नुसतं ठेवून दिलं, कारण कलम १११ मध्ये अमुक दिवसांत सही करा असं कुठे लिहिलेलंच नाही. त्याचा कायदा कधी झालाच नाही. याला पॉकेट व्हेटो म्हणतात. गंमत म्हणजे झैलसिंग हे पद मिळताना इंदिराजींचे एकदम निष्ठावान म्हणून ओळखले जायचे, म्हणजे निवडीच्या दिवशीच "हा आपला माणूस" म्हणून ग्रेड देऊन टाकायची घाई करू नये.

आणि रात्रीच्या सह्या वेगळ्या काढा. २५ जून १९७५ च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीवर सही केली तेव्हा मंत्रिमंडळाची बैठकसुद्धा झाली नव्हती, ती दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. मंत्रिमंडळाचा निर्णय कुठाय एवढं जरी त्यांनी विचारलं असतं तरी एक रात्र थांबायला जागा होती, ४४ व्या दुरुस्तीने तर नंतर मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचाच केला. दुसरी सही आमच्या लाडक्या कलाम सरांची, मे २००५, ते मॉस्कोत असताना बिहार विधानसभा विसर्जित करायची फाईल तिकडे गेली आणि सही झाली, पुढे सुप्रीम कोर्टाने ते विसर्जन घटनाबाह्य ठरवलं. हे वाचलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. पण त्याच कलामांनी २००६ मध्ये लाभाच्या पदाचं विधेयक (काही सरकारी पदं घेऊनही खासदारकी जाऊ नये यासाठीचं) परत पाठवलं होतं, संसदेने तसंच पुन्हा पास केलं म्हणून मग सही करावी लागली. एकाच माणसाच्या वहीत दोन्ही पानं असतात.

त्यामुळे माझा आवडता निकष हा की दोन वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांना एकच माप लावलं का. नारायणन यांनी १९९७ मध्ये गुजराल सरकारची उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावायची शिफारस परत पाठवली, तिथे भाजपचं सरकार होतं. १९९८ मध्ये वाजपेयी सरकारने बिहारसाठी तशीच शिफारस केली, तिथे राबडीदेवींचं राजद सरकार, तीही परत. एकदाच परत पाठवली असती तर एका बाजूचे म्हणून सोडून देता आलं असतं.

लोकसभा त्रिशंकू आली की कोणाला आधी बोलावलं तेही बघायचं. १९८९ ला व्यंकटरमण यांनी सगळ्यात मोठा पक्ष म्हणून आधी राजीव गांधींना विचारलं, ते नको म्हणाले मग व्ही. पी. सिंग. १९९६ ला शंकर दयाळ शर्मांनी वाजपेयींना बोलावलं ते १३ दिवस टिकलं. नारायणन यांनी १९९८ मध्ये आधी पाठिंब्याची पत्रं आणायला लावली. तिघांची पद्धत वेगळी, भांडायला भरपूर वाव.

आणि फाशी झालेल्यांचे दयेचे अर्ज, कलम ७२. हे कोणी बघतच नाही. कलामांनी पाच वर्षांत दोनच निकाली काढले, एक फेटाळला, एकात फाशीची जन्मठेप केली, बाकीचा गठ्ठा पुढे गेला. प्रतिभाताईंनी त्यातल्या बऱ्याच जणांची फाशी जन्मठेपेत बदलली, प्रणव मुखर्जींनी उलट बरेच अर्ज फेटाळले. कोण दयाळू आणि कोण कडक यापेक्षा किती वर्षं लावली हे बघा, कारण जानेवारी २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुख्यतः उशिराच्या कारणावरून १५ जणांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. मात्र फाईल गृहमंत्रालयात पडून होती की राष्ट्रपती भवनात, ते तपासल्याशिवाय कोणावर खापर फोडू नका.

परवा परत मॉक होता, तेच सर, तोच प्रश्न. मी नारायणन म्हटलं आणि १९९७, १९९८ दोन्ही एका दमात सांगितलं. सर म्हणाले बिहारला फेब्रुवारी १९९९ मध्ये राष्ट्रपती राजवट लागलीच की, तेव्हा सही कोणाची होती? नारायणन यांचीच होती. मी सांगितलं की हो, पण मधे जहानाबादची हत्याकांडं झाली होती, आणि राज्यसभेत बहुमत नाही म्हणून सरकारनेच ती महिन्याभरात मागे घेतली. सरांनी चष्मा काढला, समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, बरं, आता राज्यपाल.