संगणकी वॉरगेम खरंच पुढे गेलेत का? बार्बारोसा मोहिमेवर ताडून पाहण्याची रीत

संगणकी वॉरगेम, म्हणजे खऱ्या लढाया पटावर खेळायचे खेळ, खरंच पुढे गेलेत का, हा प्रश्न पडद्यावरची चित्रं पाहून सुटत नाही. एक जुना आणि एक नवा खेळ घ्यायचा, दोन्हींत एकच मोहीम एकाच बाजूनं तेवढ्याच आठवड्यांपुरती खेळायची आणि वहीत चार गोष्टी टिपायच्या: रसद कशी चालते, समोरचा संगणक किती डोक्यानं खेळतो, हुकूम कसे अमलात येतात आणि एका चालीला तुमचा किती वेळ जातो. दोन शनिवार-रविवार पुरतात.

मोहीम बार्बारोसा निवडा. 22 जून 1941 ला जर्मन सैन्य सोव्हिएत संघात घुसलं ती चढाई. वॉरगेम करणाऱ्यांनी दर पिढीत या विषयाला हात घातला आहे, त्यामुळे तुलना सरळ होते. जुना खेळ म्हणून ख्रिस क्रॉफर्ड यांचा 1981 चा ‘ईस्टर्न फ्रंट 1941’ घ्या. तो अटारीच्या 8-बिट संगणकासाठी लिहिलेला होता. नवा म्हणून गॅरी ग्रिग्सबी आणि टूबायथ्री गेम्स यांचा 2021 चा ‘वॉर इन द ईस्ट 2’. दोन्हींत एक चाल म्हणजे एक आठवडा, आणि या तुलनेचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. ग्रिग्सबी यांनी 1984 मध्ये ‘वॉर इन रशिया’ नावाचा खेळ केला होता, म्हणजे तेही याच प्रश्नाला दशकानुदशकं धरून बसले आहेत.

नवा खेळ महाग आहे आणि त्याची पुस्तिका काही शे पानांची आहे. तेवढी तयारी नसेल तर ‘युनिटी ऑफ कमांड 2’ आणि त्याचा बार्बारोसावरचा जोडभाग चालेल. मात्र त्यात दर प्रसंगाला चालींची मर्यादा असते, म्हणून आठवड्याला आठवडा अशी तुलना होत नाही. रसदीची चाचणी मात्र त्यात उत्तम होते.

जुना खेळ चालू करणं

विंडोजवर अल्टिरा हा एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, घ्या. त्याच्यासोबत स्वतःची पर्यायी ऑपरेटिंग सिस्टिम येते, त्यामुळे मूळ अटारीची रॉम (यंत्रातच बसवलेला प्रोग्राम) शोधत बसावं लागत नाही. लिनक्स किंवा मॅकवर ‘अटारी800’ वापरा. यंत्र अटारी 800, मेमरी 48के, व्हिडिओ एनटीएससी (अमेरिकी टीव्ही पद्धत) आणि बेसिक (अटारीसोबतची प्रोग्रामिंग भाषा) बंद, एवढं आधी ठरवून मग डिस्कची फाइल लावा.

बेसिक चालू राहिलं तर ते 8के जागा अडवतं आणि खेळ लोड होताना मध्येच अडकतो. नव्या माणसाची गाडी बहुतेक वेळा इथंच रुतते. दुसरी अडचण जॉयस्टिकची. खेळ पहिल्या पोर्टवरची जॉयस्टिक वाचतो. बाणांच्या कळा त्या पोर्टला जोडलेल्या नसतील तर पडदा दिसतो, पण तुकडी निवडायची चौकट हलत नाही आणि खेळ बिघडलाय असं वाटतं. अल्टिरात एफ2 ही अटारीची स्टार्ट कळ. चाल संपवायला तीच दाबायची. व्हिडिओ पालवर (युरोपी टीव्ही पद्धतीवर) ठेवला तर पडदा सेकंदाला 60 ऐवजी 50 वेळा रंगतो आणि रंगही थोडे वेगळे दिसतात. खेळ चालतो, पण वेळेची नोंद बिघडते.

चौकट एखाद्या तुकडीवर नेऊन बटण दाबून धरलं की खालच्या पट्टीत तिचं नाव आणि दोन आकडे दिसतात. एक पटावरचं बळ, दुसरं लढाऊ बळ. पटावरचं बळ म्हणजे तुकडीत किती माणूस आणि सामान आहे ते, लढाऊ बळ म्हणजे आज त्यातलं किती कामाचं आहे ते. बटण धरूनच जॉयस्टिक ढकलली की हुकूम नोंदतात, एका तुकडीला आठपर्यंत. चुकलं तर स्पेसबार दाबून ते पुसायचे. जर्मनांच्या सोंगट्या म्हणजे कोअर, रशियनांच्या म्हणजे आर्मी; दोन्ही मोठ्या सैन्यरचनांची नावं. नकाशा चौरस घरांचा आहे आणि एका घरात एकच सोंगटी मावते. आपल्याच दोन तुकड्या एका घरात निघाल्या की मागची अडून बसते. पहिल्या तीन-चार चालींत मिन्स्कच्या रस्त्यावर अशी कोंडी हमखास होते, म्हणून पुढच्या तुकडीला आधी हुकूम द्या आणि मागचीला एक घर कमी चालवा.

रसदीची चाचणी

दोन्ही खेळांत तेच करा. मध्य आघाडीवरचा एक पँझर (रणगाड्यांचा) कोअर पायदळाला मागे टाकून सरळ पूर्वेला पळवा. दोन्ही बाजूंना कुणी ठेवू नका. तीन आठवड्यांनी आकडे पाहा.

जुन्या खेळात रसद म्हणजे एक वाट. जर्मन तुकडीपासून पश्चिमेकडे जाणारी वाट मोकळी असेल तर रसद पोचते, शत्रूनं वेढली असेल तर तुटते. वेढ्यात पडल्यावर पटावरचा आकडा तसाच राहतो आणि लढाऊ बळाचा आकडा कोसळतो. दोन आकड्यांत एवढं मोठं सत्य बसवणं हे क्रॉफर्ड यांचं मोठं काम आहे. पानिपतावर 1761 च्या जानेवारीत मराठ्यांची माणसं पटावर होतीच, रसद तुटल्यानं त्यांचं लढाऊ बळ गेलं होतं.

नव्या खेळात रसदेचा प्रवास दिसतो. माल रेल्वेनं डेपोपर्यंत येतो, तिथून ट्रकनं तुकडीपर्यंत. रशियन रुळांमधलं अंतर 1524 मिमी आणि जर्मन गाड्यांचं 1435 मिमी, म्हणजे फक्त 89 मिमीच्या फरकापायी रूळ बदलत पुढे सरकावं लागतं. रेल्वे दुरुस्त करणाऱ्या तुकड्या तुम्हीच हलवता. इथं नवखे दोन चुका करतात. या तुकड्यांना फाट्याफाट्यावर विखुरतात, आणि डेपो आघाडीला अगदी खेटून उभे करतात. प्रत्येक सैन्यगटामागे एकच मुख्य लोहमार्ग धरा आणि तो तुटू न देता पुढे न्या. पळवलेला पँझर कोअर इथं वेढा न पडताही थांबतो, कारण रुळाचं टोक मागे राहिलेलं असतं आणि ट्रक झिजत असतात. जुलैच्या मध्यापर्यंत स्मोलेन्स्क गाठून जर्मन तिथं का रेंगाळले, हे कळायला दुसरं काही वाचायची गरज उरत नाही. या मुद्द्यावर आमचा कौल स्पष्ट आहे: वॉरगेम पुढे गेलेत, आणि खूप गेलेत.

समोरचा संगणक

ही चाचणी सगळ्यात काळजीनं करा, कारण इथं अंदाज चुकतात.

‘ईस्टर्न फ्रंट’मध्ये तुमची जॉयस्टिक, नकाशा सरकवणं, हुकूम नोंदणं हे सगळं पडदा रंगवून झाल्यावरच्या छोट्या फटीत उरकलं जातं. बाकीचा सगळा वेळ प्रोसेसर रशियन बाजूचा विचार करत असतो. प्रत्येक आर्मीसाठी आजूबाजूची घरं तोलायची, धोका कुठल्या दिशेनं आहे ते पाहायचं, तात्पुरती जागा ठरवायची आणि मग सगळ्यांच्या तात्पुरत्या जागा धरून पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे तुम्ही जितका वेळ विचार कराल तितक्या त्याच्याही फेऱ्या होतात.

हे स्वतः पाहता येतं. तिसऱ्या चालीच्या सुरुवातीला एम्युलेटरची स्थिती साठवून ठेवा. ठरावीक तीनच तुकड्यांना हुकूम द्या आणि अर्ध्या मिनिटात स्टार्ट दाबा. रशियन आर्म्या कुठं गेल्या ते कागदावर काढा. मग साठवलेल्या स्थितीवर परत या, तेच तीन हुकूम द्या, पण या वेळी दहा मिनिटं थांबून स्टार्ट दाबा. थांबायचा कंटाळा येत असेल तर एम्युलेटरचा वेगवान मोड लावा, संगणकाची दहा मिनिटं काही सेकंदांत होतील. लढाईचे निकाल नशिबावरही असतात, म्हणून दोन्ही प्रकार तीन-तीनदा करा. एकाच वेळेवरून निष्कर्ष काढला तर फाशाला एआय (संगणकाची खेळण्याची बुद्धी) समजण्याची चूक होते.

नव्या खेळात आधी दोन्ही बाजूंचे मदतीचे आकडे 100 वर ठेवा. मनोबल, रसद, तटबंदी वगैरेंचे हे आकडे सुरुवातीच्या पर्यायांत असतात आणि संगणकाला 100 च्या वर नेलं की त्याला न कमावलेलं बळ मिळतं. मोजमापाला ते नको. हवाई दल एआयकडे सोपवा, नाहीतर अर्धा दिवस विमानतळांतच जाईल. मग तीन वेगवेगळे डाव सुरू करून तिन्हींत तोच सापळा लावा: आघाडीत मुद्दाम खिंडार ठेवा, दोन्ही कडांना पँझर राखा आणि रशियन आत शिरतो का पाहा. त्याच जतन केलेल्या फाइलवरून तीनदा खेळणं टाळा, कारण काही खेळांत यादृच्छिक आकड्यांची मालिका फाइलसोबतच साठवली जाते आणि मग निकाल तेच तेच येतात.

चाचणीच्या शेवटी एक गोष्ट दिसेल. नवा एआय हजारो तुकड्या सांभाळतो, आघाडी सलग ठेवतो, कुमक आणतो. पण खिंडारातून तुमच्या पिछाडीला जायचं, चार आठवड्यांनी उपयोगी पडेल म्हणून आज एक नदी सोडून द्यायची, असा बेत तो फार क्वचित करतो. यंत्राची ताकद हजारो पटींनी वाढली, पण ती बहुतेक नकाशा, तपशील आणि हिशेब यांत खर्च झाली. नकाशाचे षटकोन (सहा कोनांची घरं) बारीक झाले आणि तुकड्या वाढल्या की एआयला ठरवायच्या गोष्टी त्याहून वेगानं वाढतात. क्रॉफर्ड यांच्या एआयला थोड्या सोंगट्या आणि ठोकळेबाज नकाशा मिळाला होता, म्हणून तो चुणचुणीत वाटतो. एआयपुरती प्रगती झाली असं म्हणताना आमचा हात आखडतो.

सराव झाल्यावर संगणकाचं मनोबल 110 करून खेळा, लढत बरी होते. 120 च्या वर गेलात तर रशियन पायदळ जुलैतच 1944 सारखं लढायला लागतं आणि वेढ्यांची सगळी मोहीम खोटी पडते.

हुकूम कसे अमलात येतात

इथं काळ उलटा चाललाय. 1981 च्या खेळात तुम्ही आणि संगणक आधी हुकूम देता, मग दोन्ही बाजू एकाच वेळी हलतात. तुम्ही जिथं हल्ला योजला तिथून शत्रू निघून गेलेला असू शकतो. 2021 च्या खेळात आधी एक बाजू पूर्ण हलते, मग दुसरी. म्हणून आठवडाभर समोरचा सैनिक पुतळ्यासारखा उभा राहतो आणि तुम्ही हल्ल्यांचा क्रम हिशेबानं लावता: आधी पायदळानं खिंडार, मग पँझर आत, मग वेढा पूर्ण. डोकं खाणारं आणि आनंदाचं काम आहे, पण कुठल्याही सेनापतीला अशी मोकळीक मिळाली नव्हती.

एकाच वेळी हलण्याची रीत पुढच्या काळात कशी वाढली ते पाहायचं असेल तर 2000 सालचा ‘कॉम्बॅट मिशन’ खेळा. 60 सेकंदांपुरते हुकूम द्यायचे आणि मग तो मिनिट नुसता पाहायचा. सुरुवातीला लांबलचक वाटा आखू नका. प्रत्येक रणगाड्याला पुढच्या मिनिटात गाठता येईल एवढ्याच अंतराचा हुकूम द्या, नाहीतर तो उघड्या माळावर मध्येच सापडतो.

युद्धाच्या धुक्याची, म्हणजे शत्रूबद्दलची माहिती किती लपते याची, तपासणी सोपी आहे. जुन्या खेळात चौकट शत्रूच्या सोंगटीवर न्या आणि काय काय कळतं ते लिहा. नव्या खेळात युद्धाच्या धुक्याचा पर्याय चालू ठेवून तेच करा. नव्यात आकडे अंदाजाचे येतात आणि टेहळणी वाढवली की सुधारतात.

वेळेचा रकाना

दोन्ही खेळांत पाच चाली झाल्या की वहीतली मिनिटं एकत्र करा. ‘ईस्टर्न फ्रंट’ची पूर्ण मोहीम मार्च 1942 अखेर थांबते आणि एका बैठकीत संपू शकते. ‘वॉर इन द ईस्ट 2’ची मोठी मोहीम 1945 पर्यंत जाते, म्हणजे दोनशेहून जास्त चाली. चालीला दोन तास धरले तरी 400 तास. म्हणून मोठ्या मोहिमेनं सुरुवात करू नका. लहान सिनॅरिओ (मोहिमेचा छोटा भाग) घ्या, तो दोनदा हरा, रसदीचा नकाशा वाचायची सवय लावा आणि मगच 22 जूनला हात घाला. ऑक्टोबरचा चिखल दोन्ही खेळांत येतो आणि दोन्हींत नवखे त्यात रुततात. सप्टेंबर संपायच्या आत पँझर तुकड्या रुळाच्या टोकाजवळ आणून ठेवा आणि थंडी पडायच्या आधी थांबायची ओळ ठरवून घ्या.

संगणकाला हरवणं सोपं वाटायला लागलं की माणसाशी खेळा. चाल सर्व्हरवर पाठवायची सोय नव्या खेळात आहे. पूर्वी डिस्क किंवा ई-मेलवरून फाइल पाठवावी लागे, आणि एखादी फाइल हरवली की डाव तिथंच संपे. सुरू करण्याआधी तीन गोष्टी लिहून ठरवा: आठवड्याला किती चाली, पर्यायांतले कुठले आकडे गोठवायचे आणि डाव अर्धा सोडायचा तर किती दिवस आधी कळवायचं. 1941 मध्ये रशियन बाजू घेणारा पहिले चार महिने फक्त मार खातो आणि बहुतेक डाव तेव्हाच सुटतात. म्हणून रशियन बाजू अनुभवी खेळाडूकडे द्या.