मार्चमध्ये भिगवणला जाताय? मग या चुका टाळा

मार्च लागला की बऱ्याच जणांना वाटतं, उजनी धरणाच्या पाण्याकाठी असलेल्या भिगवणचा पक्षी बघायचा सीझन संपला. उलट परतीच्या तयारीतले पक्षी बघायचे तर हेच दिवस, फक्त डिसेंबरच्या हिशोबानं गेलात तर वीकेंड फुकट जाणार.

पहिला घोळ तारखेचा. पट्टकदंब (बार हेडेड गूज) लवकर निघतात, अर्धा मार्च उलटला की त्यांच्या भरवशावर गाडी काढू नका. फ्लेमिंगोंचं तसं नाही, ते बरेचदा मे महिन्यातही दिसतात. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर गेल्या आठवड्यातल्या नोंदी बघा, आणि त्याहून बरं म्हणजे आदल्या दिवशी कुंभारगाव किंवा डिकसळच्या नाववाल्याला सरळ फोन लावा, कारण उजनीचं पाणी उन्हाळ्यात उतरत जातं, काठ मागे सरकतो, नवीन चिखल उघडा पडतो आणि जिथं ताजा चिखल तिथं पक्षी. मागच्या वर्षी सेव्ह केलेलं लोकेशन यंदा कोरडं ठणठणीत असू शकतं.

दुसरं, ओळखण्यात गफलत. आता बऱ्याच पक्ष्यांनी कपडे बदललेले असतात. हिवाळ्यात पांढऱ्या डोक्याचे, कानामागे काळा ठिपका असलेले कुरव (गल) आता गडद टोपी घालून बसतात आणि ग्रुपवर 'हा नवीन कोण?' सुरू होतं. इथं ब्राउन हेडेड आणि ब्लॅक हेडेड असे दोन गल दिसतात, त्यात ब्लॅक हेडेड गलची टोपीसुद्धा खरी चॉकलेटीच, त्यामुळं नावावर जाऊन काही उपयोग नाही. डोळा बघा, मोठ्या ब्राउन हेडेडचा फिकट असतो, ब्लॅक हेडेडचा काळा. उडाला तर पंखाचं टोक बघा, काळ्यात ठळक पांढरे ठिपके दिसले की ब्राउन हेडेड. लांब चोचीचे गॉडविटही विटकरी व्हायला लागलेले असतात.

फोकस बरोबर, शटर स्पीड भरपूर, तरी फोटो मऊ येतायत? लेन्सला शिव्या देऊ नका. ऊन चढलं की पाण्यावरची गरम हवा थरथरते, लांबचा पक्षी त्यात वितळल्यासारखा दिसतो, आणि हे महागड्या लेन्सनंही सुटत नाही. उजाडता उजाडता नावेत बसा, नऊ-साडेनऊनंतर लांबचे फोटो सोडून द्या. दुर्बिणीत धूसर दिसत असेल तर आधी डावा डोळा मधल्या चाकानं जुळवा, मग उजव्या डोळ्याजवळची रिंग फिरवून उजवा. चष्मा असेल तर आयकप, म्हणजे डोळ्याजवळच्या रबरी कडा, आत दाबा. हलत्या नावेत १०x (दहापट मोठं दाखवणाऱ्या) दुर्बिणीपेक्षा ८x बरी पडते.

आता खरा राग येतो ती चूक. 'दादा, अजून थोडं जवळ घ्या ना!' पट्टकदंबांना इथून हिमालय ओलांडायचाय, त्यांच्या उड्डाणाच्या ७,००० मीटरच्या वरच्या नोंदी आहेत. त्यासाठी लागणारी चरबी ते आत्ता खाऊन साठवतात, आणि तुमच्या रीलसाठी थवा उठवला की त्यातलीच खर्च होते. चरणारे पक्षी माना वर करून बघायला लागले की तिथंच नाव थांबवायला सांगा. नाववाले तुम्ही टीप द्याल म्हणून पुढे नेतात, त्यांना दोष देऊन काय उपयोग.

आणि चार वाजता पुण्याला पळू नका, प्लीज! भोरड्या (रोझी स्टारलिंग) अजून असतील तर दिवसा पळसावर, काटेसावरीवर मध पिताना दिसतात, पण खरी धमाल सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास, बाभळीत उतरण्यापूर्वी त्यांचे थवे आकाशात फिरतात तेव्हा. नेमकी कुठली बाभळ हे सकाळीच नाववाल्याला विचारून ठेवा.